हँडब्रेक

पिसुर्ल्यातल्या आमच्या घरामागे
बाबांचा टिपर उभा आहे, खाणी बंद पडल्या तेव्हापासून.
टायर जमिनीत रुतलेत. केबिनमध्ये कसली तरी वेल उगवली,
ती आता काचेतून बाहेर बघते.
भंगारवाला दोनदा येऊन गेला. मी भाव ऐकून घेते
आणि नको म्हणते.
का, ते सांगता येत नाही.

बाबांकडे थोडेच शब्द उरलेत.
पाणी. पाव. प्रेमावती, जी दिवसा त्यांना सांभाळते.
माझं नाव गेलं चतुर्थीच्या आसपास,
सगुणचं त्याआधीच.

पण रात्री दहाला ते उठतात,
लुंगी आवरतात आणि कॉटखाली शिरतात.
एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन,
ट्रंक आणि भिंत यांच्यामधल्या त्या फटीत
जिथं मी आणि सगुण मावायचो,
दोघं मिळून.

"तो आयलो," म्हणतात. "उलोव नाका."

कोण, बाबा?

ते ओठांवर बोट ठेवतात. डाव्या हाताचं.
बाबा डावखुरे आहेत, हे शाळेतल्या बाईंना
माझ्या उजव्या गालावरून कळलं होतं.
बाईंनी काही विचारलं नाही. मला पुढच्या बाकावर बसवलं.

तेव्हा आम्ही आवाज मोजायचो.
हँडब्रेक. केबिनचं दार.
तीन पायऱ्या.
किल्ल्यांचा जुडगा.
आई गॅस बंद करून झाल्यावरही
पातेल्यात डाव फिरवत राहायची, फिरवत राहायची,
आणि मी सगुणला सांगायचे: नाकाने घे,
हळू, तो आत आला की घेऊच नकोस.

परवा मी त्यांच्याशेजारी फरशीवर आडवी झाले.
विचारलं, कसा दिसतो तो?
त्यांना चेहरा माहीत नव्हता.
पाय माहीत होते.
घोट्यापर्यंत तांबडी माती, म्हणाले,
उजव्या अंगठ्याचं नख काळं, टाचेला चीर,
आणि पट्ट्याचं टोक जमिनीला लागतं, सापाच्या जिभेसारखं.

हे कॉटखालूनच दिसतं.
आम्ही कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.
ज्याचे पाय असतात
त्याला ते असे दिसत नाहीत.

त्या रात्री मी आरशावर चादर टाकली.
मग खिडकीवर. मग स्टीलच्या पिंपावर,
कारण पाणी घ्यायला गेले की ते किंचाळत यायचे:
तो थंयच आसा.

सगुण बोटीवर असतो. डर्बनहून फोन आला,
अजूनही कुजबुजतो: झोपला का?
मी म्हटलं, कोण?
दोघंही बराच वेळ समुद्राची खरखर ऐकत राहिलो.

काल सेकंड शिफ्ट उशिरा सुटली.
प्रेमावती साडेनऊला जाते, बाहेरून कुलूप लावून.
मीच सांगितलंय तसं, म्हातारा हायवेवर जाऊ नये म्हणून.
पाऊस थांबून तासभर झाला असेल. अंगणात राड.
मी स्कूटर स्टँडवर लावली आणि ते लोखंड
असं करकरलं,
की आतून येणारा खोकला
मध्येच तुटला.

पायऱ्या चढले. तीनच तर आहेत.
कुलूप काढलं, आत आले, थांबले.
चपला दाराशी सुटल्या होत्या, पाय तांबडे झाले होते.
इतकी शांतता मी या घरात
बाहेरच्या बाजूने कधी ऐकली नव्हती.
सगळं घर माझ्याकडे कान लावून बसलेलं.
डबे, पातेली, चादर घातलेला आरसा.
आणि खरं सांगते,
मला बरं वाटलं.

जुडगा डाव्या हातात होता.
मी डावखुरी नाही.

मी दिवा लावला नाही.
कॉटजवळ जाऊन उभी राहिले
आणि मोजू लागले,
तिथं खाली
किती वेळ श्वास रोखता येतो.